पाण्याला डांग्या खोकला

भिंगकाकांना आजोबा होऊन नऊ दिवस झाले होते आणि नात त्यांनी अजून पाहिली नव्हती. पाहिली म्हणजे फोनवर पाहिली. पण फोनमधल्या नातीला काय चाटायचंय? ती बोट पकडत नाही, मांडीवर झोपत नाही. शिवाय काकांच्या मते त्या फोटोत ती थेट जावयाच्या आईसारखी दिसत होती आणि ही बाब समक्ष तपासून घेणं अत्यंत निकडीचं होतं.

बरं, नात काही सातासमुद्रापलीकडे नव्हती. डोक्यावर होती, अगदी शब्दशः. काका-काकू तळमजल्यावर, लेक आणि जावई वरच्या मजल्यावर, मध्ये सोळा पायऱ्यांचा जिना. वर बाळ रडलं की खाली काका मान उंच करून छताकडे बघत आणि म्हणत, "फुप्फुसं ठणठणीत आहेत हो." आणि मग स्वतः खोकत. खोकत म्हणजे खोकतच राहत. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

बारा दिवस झाले तरी त्यांचा खोकला हटत नव्हता. लेक बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून घरी आली, दारातच तिने तो खोकला ऐकला आणि वर जाता जाता जिन्याच्या चौथ्या पायरीवर एक खुर्ची आडवी टाकून गेली.

"बाबा, या खुर्चीच्या वर यायचं नाही. हा डांग्या खोकला नाही हे कळेपर्यंत तरी नाही."

"अगं, धुळीचा खोकला आहे हा. मला कळत नाही का?"

"तुम्हाला कळतं. बाळाला कळत नाही."

डांग्या खोकला मोठ्या माणसाला महिना-दोन महिने छळतो आणि सोडून देतो. तान्ह्या बाळाचा मात्र श्वासच अडकतो. काकांना हे कुणी सांगायला नको होतं. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती आणि श्वासासाठी तडफडणारी तसली बाळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून ते खुर्चीवरून सकाळ-संध्याकाळ कुरकुरले, पण खुर्ची काही त्यांनी ओलांडली नाही.

आता भिंगकाका हे नाव. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, बहुधा काकूंनाही नाही. त्या 'अहो'वर भागवत. छत्तीस वर्षं हा माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला, लोकांचं रक्त आणि बेडके बघत बसला, आणि निवृत्त झाल्यावर लॅबने भंगारात काढलेला तोच सूक्ष्मदर्शक स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून घरी घेऊन आला. मागच्या अडगळीच्या खोलीत त्याची स्थापना झाली. तिथे काका कुंडीतलं पाणी, भिंतीवरची बुरशी, काकूंच्या डब्यातला एखादा संशयित दाणा असं काहीबाही बघत बसत. त्यांचं एकच तत्त्व होतं, आणि ते त्यांनी प्रत्येक नव्या मदतनिसाच्या डोक्यावर मिऱ्या वाटून शिकवलं होतं: जे भिंगाखाली दिसत नाही ते सांगायचं नाही. टेबल स्वच्छ नसेल तर ते माणसाला थेट घरी पाठवत. दोघांना तर रडवलंही होतं, असं काकू सांगत. चार जणांना रडवलं होतं, असं काका अभिमानाने दुरुस्त करत.

आणि गंमत बघा, अशा माणसाच्या पोटी अशी लेक! तीही रोगच शोधायची, पण भिंगाशिवाय. जनुकं कापून त्यांत फेरफार करायला शास्त्रज्ञांनी जी कात्री शोधून काढली, तीच तिने आणि तिच्या मंडळींनी रोग ओळखायच्या कामाला जुंपली होती. छोटीशी डबी, एक नळी, कागदाची पट्टी. कुठेही न्या, तासाभरात निकाल. बारा वर्षांपूर्वी, नवीन नवीन असताना, ती एकदा जेवताना म्हणाली होती, "बाबा, उद्या भिंगाची गरजच पडणार नाही बघा." तिने आनंदाने म्हटलं. काकांच्या ते वर्मी लागलं. त्यांनी ताट संपवलं आणि काही विचारलं नाही. तेव्हापासून त्यांनी कधीच काही विचारलं नाही, आणि हळूहळू तिनेही सांगणं सोडून दिलं. भांडण नव्हतं हो काही. कुणी पाहुण्याने विचारलं की काका म्हणत, "कसल्याशा पट्ट्या बनवते," आणि विषय पावसापाण्यावर नेत. पाहुणा गेला की त्यांना स्वतःचंच वाईट वाटे, पण ते कुणाला सांगतात!

तर रविवारी सकाळी लेकीने तिच्या त्या पट्ट्यांची एक पेटी आडव्या खुर्चीवर आणून ठेवली आणि स्वतः वर जाऊन सर्वांत वरच्या पायरीवर उभी राहिली. तोंडावर मास्क, डोळ्यांखाली नऊ रात्रींची काळी वर्तुळं.

"बाबा, नीट ऐका. यात सहा नळ्या आणि सहा पारदर्शक डब्या आहेत. काडी नाकात खोलवर फिरवायची, नळीत बुडवून ढवळायची, नळी पेटीतल्या विजेवर तापणाऱ्या ठोकळ्यात अर्धा तास. मग नळी डबीत घालून डबीचं झाकण दाबायचं. आतली पट्टी आपोआप ओली होते. एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर डांग्या खोकला."

"एवढंच?"

"एवढंच. आणि एकदा झाकण दाबलं की डबी उघडायची नाही. काही झालं तरी नाही. तशीच पिशवीत घालून बाहेरच्या कचऱ्यात."

"का नाही उघडायची?"

तेवढ्यात आत बाळाने भोकाड पसरलं. "कारण मी सांगते म्हणून!" लेक म्हणाली आणि आत पळाली. एरवी कदाचित तिने समजावलंही असतं. पण बापाला आपल्या कामात रस नाही, हे तिने कधीच गृहीत धरलं होतं, आणि नऊ रात्री न झोपलेलं माणूस किती समजावणार!

काका पेटी घेऊन अडगळीच्या खोलीत गेले. चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या. पेटीत एक लाल टोपणाची बाटली होती. तिच्यात डांग्या खोकल्याच्या मेलेल्या जंतूंचा अर्क होता. पट्टी काम करते की नाही हे पडताळायला असला खात्रीचा नमुना लागतो, त्याला लॅबवाले कंट्रोल म्हणतात. लेकीने त्याचं नावही काढलं नव्हतं. घरच्या तपासणीला कोण कंट्रोल लावतं? पण भिंगकाका लावतात. छत्तीस वर्षांत त्यांनी कंट्रोलशिवाय पाण्याचा थेंबही तपासला नव्हता.

त्यांनी कंट्रोलचा थेंब नळीत टाकला, अर्धा तास घड्याळासमोर बसले, नळी डबीत घातली, झाकण दाबलं. पट्टीवर एक रेघ उमटली आणि तिच्या शेजारी दुसरी. ठसठशीत. दोन्ही.

काका बघतच राहिले. भिंग नाही, रंग नाही, काच नाही. अर्ध्या तासात कागद बोलला! त्यांनी डबी उजेडात धरली, कानाशी हलवली, उलटी करून पाहिली. आत टपोरे दोन थेंब हिंदकळत होते. त्या दोन थेंबांत त्यांच्या पोरीची बारा वर्षं होती आणि ती दिसत नव्हती.

आणि मग या सद्गृहस्थाने, मदतनिसांच्या कर्दनकाळाने, चिमट्याने त्या डबीचं झाकण उचकटलं.

एक थेंब काचपट्टीवर. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. डावा डोळा मिटला, उजवा लावला. कमी मोठं करून पाहिलं, जास्त मोठं करून पाहिलं, काचेवर तेलाचा थेंब टाकून त्याहून मोठं करून पाहिलं. काही नाही. नुसतं पाणी. कात्री नाही, जंतू नाहीत, चिटपाखरूही नाही. काकांनी एक निःश्वास टाकला, डबी पिशवीत घातली, आणि सवयीप्रमाणे ओलं फडकं घेऊन टेबल पुसून काढलं. टेबल, ठोकळा, चिमटा, पेटी, स्वतःच्या खुर्चीचे हात, दाराची मूठ. फडकं एकच. इतक्या निगुतीने पुसलं की एक इंचही सुटला नाही.

मग त्यांनी स्वतःच्या नाकात काडी घातली. डोळ्यांतून पाणी आलं तरी खोलवर फिरवली, इथे कसूर करणारा माणूस नव्हे. अर्धा तास. झाकण. पट्टी.

दोन रेघा.

काकांनी डबी खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली. तोंडाने धुळीचा खोकला म्हणत होते, पण आत कुठेतरी भीती होतीच. ते जिन्याशी गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि वर लेकीला हाक मारली. "बाळे, दोन आल्या."

वर दार उघडलं. मग लेक म्हणाली, "असू दे बाबा. तुम्हाला औषध सुरू करू, पाच दिवसांत तुमच्याकडून लागण होणं थांबेल." आवाज अगदी सांभाळून काढलेला. आणि मग एकदम तिचा तो आवाज बदलला. "बाबा... आई रोज वर येते."

काकू येतच होत्या. दिवसातून चार चकरा. बाळाला अंघोळ त्या घालत, बाळ त्यांच्या खांद्यावर झोपे, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्या काय काय बोलत. त्यांना खोकला नव्हता, शिंकही नव्हती. पण लागण झालेलं माणूस पहिले काही दिवस धडधाकट दिसतं, हे काकांनीच त्यांना शंभरदा सांगितलं होतं.

काकूंना अडगळीच्या खोलीत आणून स्टुलावर बसवलं. काकांनी काडी हातात घेतली.

"छत्तीस वर्षं लोकांच्या थुंकीत डोकं घातलंत," काकू म्हणाल्या, "आता माझ्या नाकात घालताय."

"मान वर कर."

"हळू हो! मेंदू काढताय की काय?"

"सापडला तर काढतो."

पण अर्ध्या तासाने दोघांनाही हसू येईना. पट्टीवर दोन रेघा होत्या. काकू पट्टीकडे बघत राहिल्या. "मी सकाळी तिची पापी घेतली," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. काकांनी पाणी नेऊन दिलं, त्यांनी घेतलं नाही.

वर फोनाफोनी सुरू झाली. बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घरातल्या दोघांना असेल आणि आजी रोज बाळाला हाताळत असेल, तर वाट बघत बसायचं नाही. चार वाजता बाळाला घेऊन या, औषध लगेच सुरू करू. एवढ्या लहान बाळाच्या पोटाला हे औषध सोसतंच असं नाही, म्हणून दोन दिवस दाखल करून नजरेखाली ठेवू. जावयाने पिशव्या भरायला घेतल्या. तो बाळाचे इवले कपडे एकावर एक रचत होता आणि लेक त्याने रचलेले कपडे उगाच पुन्हा रचत होती.

काका खाली, अडगळीच्या खोलीत. समोर दोन पट्ट्या. एक त्यांची, एक काकूंची. करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून ते नुसते बघत बसले होते. आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

दोन्ही पट्ट्यांवरची दुसरी रेघ सारखीच गडद होती. तंतोतंत. एक माणूस बारा दिवस खोकतोय, दुसऱ्याला साधी शिंक नाही, आणि रेघा जुळ्या बहिणींसारख्या? लेकीची पट्टी असेल मोठी शहाणी, काकांना तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन रोग्यांचे नमुने कधी असे हुबेहूब नसतात, हे मात्र त्यांना छत्तीस वर्षांचं कळत होतं. त्यांनी तिसऱ्या पट्टीकडे, कंट्रोलच्या पट्टीकडे बघायला पिशवी उघडली. तिचीही रेघ तशीच.

काकांचा हात थांबला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं. मग त्यांनी सीलबंद बाटलीतलं पाणी आणलं, सील तोडलं, आणि त्याचा एक थेंब नव्या नळीत टाकला. ठोकळ्यात अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ते देवाचं नाव घेत नव्हते, कारण नक्की काय मागायचं हेच ठरत नव्हतं.

पट्टी ओली झाली. एक रेघ. आणि शेजारी दुसरी.

पाण्याला डांग्या खोकला झाला होता.

भिंगकाका मटकन खाली बसले. पाण्याला झाला म्हणजे टेबलाला झाला, चिमट्याला झाला, दाराच्या मुठीला झाला. कसा झाला हे त्यांना कळत नव्हतं, पण कुणी केला ते लख्ख कळत होतं. नमुन्यात नमुना मिसळणं! लॅबमधलं याहून मोठं पाप त्यांना ठाऊक नव्हतं. यासाठी त्यांनी चार जणांना रडवलं होतं.

घड्याळात साडेतीन वाजत आले होते. आता तुम्ही म्हणाल, उठायचं, जिन्यापाशी जायचं आणि सांगून टाकायचं. सोपं आहे की. पण काका उठले नाहीत. सरळ मूग गिळून बसले. त्यांच्या मनात जे चाललं होतं ते काही फारसं शोभणारं नव्हतं, पण सांगतो. औषधच तर देणार आहेत, विष नव्हे. दोन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली राहील, वाईट काय आहे? आपणही पाच दिवस गोळ्या खाऊ, मग राजरोस वर जाऊ, नातीला मांडीवर घेऊ. कुणाला पत्ता लागणार नाही. आणि सांगितलं तर? जिच्या पट्ट्यांना बारा वर्षं नाक मुरडलं, तिच्याच समोर उभं राहून म्हणायचं की तू एकच गोष्ट करू नका म्हणालीस आणि मी तीच केली! परत ती आपल्याला नातीच्या आसपास फिरकू तरी देईल?

वर जिन्याच्या तोंडाशी जावयाने पिशव्या आणून ठेवल्याचा आवाज आला. मग बाळ रडलं. भूक लागल्यावर रडतं तसं नव्हे. झोपेतून उठवून कपडे चढवल्यावर पोरं चिडून रडतात तसं. त्या एवढ्याशा जिवाच्या घशात आपल्या फडक्यापायी औषध जाणार, हे काकांना एकदम सोसवेना.

ते जिन्याशी गेले तेव्हा लेक बाळाला छातीशी धरून वरच्या पायरीवर उभी होती. काकांना पांढऱ्या दुपट्याचं नुसतं एक टोक दिसलं.

"जाऊ नका," ते म्हणाले. "पाण्याच्याही दोन रेघा आल्यात."

"कसल्या पाण्याच्या?"

"सीलबंद बाटलीच्या. तुझी पट्टी बरोबर आहे. माझं टेबल खराब झालंय. मी... मी डबी उघडली."

लेकीने बाळ जावयाकडे दिलं आणि दोन पायऱ्या खाली आली. "कुठली डबी?"

"कंट्रोलची. आधी कंट्रोल लावला होता. त्याचा थेंब भिंगाखाली घेतला. मग टेबल पुसलं. सगळं पुसलं. मग आमच्या दोघांच्या नळ्या त्याच टेबलावर लावल्या."

"बाबा!" ती ओरडलीच. "मी काय सांगितलं होतं? एकच गोष्ट सांगितली होती! बाळाला उचलून चालले होते मी! अहो, तुम्ही छत्तीस वर्षं... तुमच्या लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर?"

"घरी पाठवला असता."

"मग? का उघडलीत?"

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांच्याजवळ दोन-तीन बऱ्यापैकी सबबी होत्या. झाकण सैल होतं, ही त्यातल्या त्यात चांगली होती. पण ती काही तोंडातून बाहेर येईना.

"तू काय करतेस ते बघायचं होतं," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. म्हटलं, एकदा बघू तरी."

लेक होती त्याच पायरीवर बसली. जावई मागे बाळाला थोपटत होता. आणि बाळ आपलं मत मांडत होतं.

"मग?" तिने विचारलं. "काय दिसलं?"

"काहीच नाही. पाणी."

लेकीला हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती धड हसतही नव्हती की रडतही नव्हती. नाक पुसायला मास्क आड येत होता, म्हणून आणखीच चिडली. "वेडे आहात तुम्ही बाबा," ती म्हणाली. "शुद्ध वेडे. विचारायचं ना मला!"

"तू सांगितलं असतंस?"

"रात्रभर जागून सांगितलं असतं!"

पुढचं सगळं तिने ताब्यात घेतलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून सहापर्यंतची मुदत मागून घेतली. जावयाने हातमोजे घातले, सासू-सासऱ्यांना फाटकाबाहेर उघड्यावर उभं केलं आणि कोऱ्या काड्यांनी त्यांचे नमुने घेतले. काकू दुसऱ्यांदा नाक पुढे करताना म्हणाल्या, "या घरात माझ्या नाकाची कुणालाच किंमत नाही." मग जावई नमुने घेऊन गाडीने लेकीच्या लॅबमध्ये गेला. निकाल यायला दीड तास.

दीड तास काढायचा कसा? काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. लेक बाळाला निजवून आली आणि सर्वांत वरच्या पायरीवर बसली. मध्ये चौदा पायऱ्या आणि एक खुर्ची.

"सांग," काका म्हणाले.

"काय?"

"कात्री."

तिने आधी जरा बिचकतच सुरुवात केली, चारचौघांत सांगतात तशी. काकांनी पहिल्याच वाक्याला अडवलं. "असं भाषणासारखं नको. पहिल्या दिवशीच्या मदतनिसाला सांगतात तसं सांग."

मग तिने तसं सांगितलं. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याची अक्षरं असतात, त्याच्याच ओळखीची. आपण कात्रीच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, ही एवढी ओळ शोध. नळीत आधी त्या ओळीच्या नकला होतात, अर्ध्या तासात कोट्यवधी. मग कात्री चिठ्ठीशी ताडून बघत फिरते. ओळ सापडली की कापते.

"आणि नाही सापडली तर?"

"तर गप्प बसते. पण एकदा सापडली की ती पिसाळते. आसपास जे येईल ते कापत सुटते. आम्ही तिच्यासाठी मुद्दाम धागे सोडून ठेवतो. ते तुटले की दुसरी रेघ."

"पिसाळलेली कात्री," काका स्वतःशी म्हणाले. "आणि त्या कोट्यवधी नकलांतला थेंब मी—"

"टेबलाला फासलात. मोठ्या निगुतीने."

"म्हणजे माझ्या टेबलावर जंतू नाहीत."

"एकही नाही. नुसती अक्षरं आहेत. म्हणून तुमच्या भिंगाला दिसली नाहीत."

काकांनी मान डोलावली. भिंगाला दिसत नाही आणि तरी आहे, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बिनतक्रार गिळली. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. ठोकळा किती गरम? का तेवढाच? धागे कशाचे? चिठ्ठी लिहितं कोण? चिठ्ठी तीच लिहिते हे ऐकल्यावर ते एक पायरी वर सरकले. लेक आता दोन्ही हातांनी सांगत होती, पायऱ्या उतरत उतरत दहाव्या पायरीवर आली होती आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिथेच होती, पण चेहरा बारा वर्षांपूर्वीच्या त्या जेवणाच्या वेळचा होता.

"बरं, आणि जंतूने एखादं अक्षर बदललं तर?" काकांनी विचारलं. "चिठ्ठी जुनी आणि जंतू नवा?"

"आहाहा बाबा, हाच प्रश्न! यावर तर मी दोन वर्षं—"

फोन वाजला. जावई होता. लेकीने ऐकलं, डोळे मिटले आणि फोन छातीशी धरला. "दोघांचेही स्वच्छ. काही नाही. तुमचा धुळीचाच खोकला आहे बाबा."

काकू कधी स्वयंपाकघरातून निघाल्या आणि कधी काकांना ओलांडून, खुर्ची बाजूला सारून वर गेल्या, कळलंच नाही. गुडघेदुखी वगैरे सगळं खालीच राहिलं. वर जाऊन त्यांनी बाळाला उचललं असावं, कारण लगेच त्यांचा लाडिक आवाज आला, आणि पाठोपाठ मोठा आवाज. "अहो! येताय ना? जागी आहे! हात धुऊन या!"

लेक उठून बाजूला झाली. "जा बाबा. किती दिवस वाट बघताय. मास्क तेवढा लावा."

काका उठले. खुर्चीला वळसा घालून चार, पाच, सहा, अशा पायऱ्या चढले आणि दहाव्या पायरीवर लेकीशेजारी येऊन थांबले. जरा धाप लागली होती. वर दारातून दुपट्यात गुंडाळलेलं, मूठ चाळवणारं एक गाठोडं दिसत होतं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, डोळे भरून पाहिलं. जावयाच्या आईसारखी मुळीच नव्हती.

मग ते तिथेच पायरीवर बसले.

"बाबा? काय झालं?"

"ते अक्षराचं राहिलं. पूर्ण कर आधी."

"अहो, ते मी नंतर सांगेन. बाळ—"

"बाळ कुठे जातंय! ती पुढची वीस वर्षं याच घरात आहे," काका म्हणाले. "तुझं मी बारा वर्षं ऐकलं नाही. बस इथे. अक्षर बदललं तर काय करता?"

वरून काकूंनी आणखी एक हाक मारली, जरा रागानेच. लेक बापाशेजारी बसली, नाक पुसलं आणि सांगू लागली.